मधल्या पानावरची आशा

तिरडीला चार खांदेकरी लागतात. त्या दिवशी तीनच होते, घरचा मुलगा श्रीनिवास आणि गावातले दोन ब्राह्मण. गाव परका, दिवस दुष्काळाचे. चौथं कुणी मिळेना, तेव्हा घरातली धाकटी मुलगी पुढे झाली. वय सोळा-सतरा, उंची कमी. तिचा खांदा बाकीच्यांच्या खांद्याशी जुळेना, म्हणून आईच्या तिरडीचा आपल्या बाजूचा बांबू तिनं डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैल चालून स्मशान गाठलं.

ही मुलगी म्हणजे रमा अनंतशास्त्री डोंगरे. जन्म २३ एप्रिल १८५८, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. पुढे सगळा देश तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागला.

आईच्या आधी वडील गेले होते. हे पुराणिकाचं कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरत होतं. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकायला माणसं उरली नाहीत. दागिने गेले, भांडी गेली. रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि रानटी खजूर यांवर निघाले. शेवटी म्हाताऱ्या, दृष्टी अधू झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. निरोप घेताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं. मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, जन्मभर त्याचीच राहा, त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं ते बोलले. तेवढ्यात श्रीनिवास म्हणाला, जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्ही मरू नका. जलसमाधी टळली, मरण टळलं नाही. थोड्याच दिवसांत वडील वारले. मग आई तापानं अंथरुणाला खिळली. तिनं भाकरी मागितली. रमा शेजारच्या ब्राह्मण बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली, पण मागायला तोंडातून शब्द फुटेना. बाईंनीच ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन रमा परतली, तर आईला तो गिळवेना. मागोमाग थोरली बहीणही गेली.

हे सगळं रमाबाईंनी स्वतः १९०७ साली आपल्या ‘साक्षी’त सांगितलं आहे. ख्रिस्ती मराठीत ‘साक्ष’ या शब्दाला वेगळं वजन आहे. कोर्टात साक्षीदार घडलेलं सांगतो, तसं आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते चारचौघांसमोर सांगायचं. या साक्षीतलं पहिलं मोठं दृश्य दुष्काळाचं आणि तिरडीचं आहे.

या प्रकरणाचा विषय आहे दुःखाच्या काळात ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारी आशा. त्यावर एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते. माणूस दुःखात बुडाला, त्याला ख्रिस्त भेटला, अश्रू पुसले गेले आणि पुढे सारं सुखाचं झालं. रमाबाईंचं नाव या गोष्टीसाठी पुष्कळदा वापरलं गेलं आहे. तारखा मांडून पाहिल्या की ही गोष्ट कोलमडते. तिच्या जागी जी उभी राहते ती मला कितीतरी जास्त खरी आणि जास्त उपयोगाची वाटते.

आईवडील गेल्यावर भाऊ-बहीण हजारो मैल पायी हिंडले. १८७८ साली ती दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दोघांची जात वेगळी, भाषा वेगळी. आसामात सिलचरला संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. लेक दहा महिन्यांची होती. संसार दोन वर्षंही टिकला नव्हता.

सिलचरच्या त्याच घरात, नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी आवडीनं वाचली, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. १८८३ साली मनोरमा आणि सोबतीण आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी तिथे स्वतःचा जीव दिला. परक्या मुलखात, परक्या भाषेत, बरोबर आलेलं एकुलतं एक मराठी माणूस असं गेलं. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी राहिल्या, तेव्हा रात्री त्यांच्या खोलीत सोबतीला मोलकरीण झोपवावी लागे, इतक्या त्या हादरल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षं रमाबाई धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी त्र्यैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतावरून वाद घालत होत्या. त्या पत्रांत एका स्वतंत्र बुद्धीच्या बाईची अस्वस्थता पानोपानी दिसते. मनाला खरी शांती लाभली ती १८९१ च्या सुमारास, असं त्या स्वतः सांगतात. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. आईच्या तिरडीपासून मोजलं तर मधे सोळा-सतरा वर्षं गेली होती.

शोकाला घाई चालत नाही, हे रमाबाईंच्या आयुष्यावरून कळतं तसंच बायबलच्या रचनेवरूनही कळतं.

बायबलमध्ये विलापगीत नावाचं छोटं पुस्तक आहे. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या फौजांनी यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं, माणसं धरून नेली. त्या राखेत बसून केलेला हा आक्रोश आहे. पुस्तकाचं मूळ हिब्रू नाव ‘एखा’. आपल्याकडे मयताच्या घरात पाऊल टाकताच बायका टाहो फोडतात, ‘अगं, हे कसं गं झालं’, त्यातल्या ‘कसं’चाच तो अर्थ. पाच कविता आहेत. पहिल्या चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमानं बांधल्या आहेत. बावीस अक्षरं, त्या अक्षरांनी सुरू होणारी कडवी. तिसऱ्या कवितेत प्रत्येक अक्षराच्या तीन ओळी, अशा सहासष्ट. जणू ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत एकेका अक्षराला धरून रडायचं. मला ही रचना फार विलक्षण वाटते. शोकात माणसाचं मन भरकटतं, काळवेळ कळत नाही, बोलता बोलता वाक्य तुटतं. अशा मनाला कवीनं मुळाक्षरांचा कठडा दिला. एक अक्षर रडून झालं की दुसरं. आजचा दिवस कसा काढायचा, तर आजच्या अक्षरापुरता.

आशा या पुस्तकात आहे. देवाची दया रोज सकाळी नवी असते, असं कवी म्हणतो. ख्रिस्ती घरांत हे वचन भिंतीवर लावलेलं असतं. पण ते पुस्तकात कुठे येतं हे कुणी फारसं सांगत नाही. ते येतं बरोबर मध्यावर, तिसऱ्या कवितेत. त्यानंतर कवी पुन्हा रडू लागतो. चौथी कविता भुकेल्या मुलांची आहे. पाचव्या कवितेत अक्षरांचा क्रमही सुटतो, आणि शेवटच्या ओळीत प्रश्न उरतो, देवा, तू आम्हाला कायमचं टाकलंस का? यहुदी लोक हे पुस्तक सभास्थानात वाचतात तेव्हा शेवट त्या ओळीवर होऊ नये म्हणून तिच्या आधीचं वचन पुन्हा म्हणतात. पुस्तकाला मात्र कुणी गोड शेवट जोडला नाही. आशा मधल्या पानावर आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना रडणं आहे. दुःख सरल्यावर आशा येते हा आपला हिशेब. बायबलचा हिशेब वेगळा आहे. तिथे आशा दुःख चालू असतानाच येते आणि ती आल्यावरही दुःख चालूच राहतं.

बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं अशी गाऱ्हाण्याची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांच्या घरात दुष्काळानं बायको-मूल नेलं आणि त्यांच्या करुणापर अभंगांत देवाशी उघड भांडण आहे. भांडण्यासाठी समोर कुणीतरी असावं लागतं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं ऐकणारा धरून ठेवलेला असतो. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगत, त्याचा एक अर्थ मला इथे लागतो.

आता योहानाच्या शुभवर्तमानातली बेथानी गावची गोष्ट घेऊ. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर आजारी पडला. येशूला निरोप गेला. तो लगेच निघाला नाही, आणखी दोन दिवस तिथेच राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वेशीकडे धावली. मरीया घरातच बसून राहिली. पुढे दोघी वेगवेगळ्या वेळी त्याला भेटल्या आणि दोघींनी एकच तक्रार केली, तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. तक्रार एक, पण मार्थेला येशूनं उत्तर दिलं. पुनरुत्थान आणि जीवन मीच, असं तो तिला म्हणाला. मरीयेला त्यानं काहीच सांगितलं नाही. तिला आणि तिच्याबरोबरच्या माणसांना रडताना पाहून तो स्वतः रडला. मराठी बायबलात हे वचन दोन शब्दांत मावतं.

लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार, हे येशूला माहीत होतं. तरीही तो रडला. ख्रिस्ती माणसानं मयताच्या घरी जाताना हे एक दृश्य मनात ठेवलं तरी पुरे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. समोर मार्था आहे की मरीया, हे आधी पाहावं. काहींना उत्तर हवं असतं, बोलायचं असतं, स्वर्ग, न्याय, पुनरुत्थान यांविषयी विचारायचं असतं. काहींना शेजारी बसून रडणारं माणूस हवं असतं. मरीयेला मार्थेचं उत्तर द्यायला गेलं की जखमेवर मीठ पडतं. आपल्या मंडळ्यांत हे होतं, प्रेमापोटीच होतं. ‘देवाला तो आपल्याहून जास्त आवडला’, ‘रडू नकोस, विश्वास ठेव’, ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’. दोन वर्षांचं मूल गमावलेल्या आईला यातलं एकही वाक्य ऐकवण्यासारखं नाही. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची बातमी ऐकून आले आणि सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ मुकाट बसले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं, कारणं सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. देवाशी भांडणारा ईयोब खरं बोलला असा निवाडा झाला. आपल्यावर हे का आलं, ते मात्र ईयोबाला अखेरपर्यंत कळलं नाही.

मग पुनरुत्थानाची आशा म्हणजे नेमकं काय? पौलानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला इसवी सन ५० च्या आसपास एक पत्र पाठवलं. नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी ते एक. तिथल्या लोकांपुढे अगदी घरगुती प्रश्न होता. प्रभू लवकरच परत येणार म्हणून ते वाट पाहत होते आणि मधेच त्यांची काही माणसं वारली. मग ती मागे राहिली का? पौल त्यांना सांगतो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. या वाक्याचा निम्माच भाग अनेकदा सांगितला जातो. शोक करू नका असं पौल म्हणत नाही. शोकाच्या रीतीविषयी तो बोलतो. मेलेल्यांना तो ‘निजलेले’ म्हणतो. निजलेला माणूस हाक मारली की उठतो. ग्रीक ख्रिस्ती लोक दफनभूमीला ‘कोईमेतेरिओन’ म्हणू लागले, म्हणजे निजायची जागा. इंग्रजीतला ‘सेमेटरी’ त्यातूनच आला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती दफनभूमीत जुन्या दगडांवर ‘प्रभूमध्ये निजला’, ‘प्रभूमध्ये निजली’ अशी अक्षरं दिसतात. कोरणाऱ्या पाथरवटाला ग्रीक येत नव्हतं. शब्द मात्र दोन हजार वर्षांमागचाच आहे.

आणखी एक बारकावा आहे. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, कुशीत भाल्याची जखम होती. थोमानं बोटानं, हातानं चाचपून पाहावं असं त्यानं सांगितलं. नवं शरीर मिळालं, पण व्रण गेले नाहीत. म्हणून ‘आता विसरून जा’ हा सल्ला ख्रिस्ती श्रद्धेतून निघत नाही. गेलेल्या माणसाची जखम घेऊनच पुढे जायचं असतं.

मराठी ख्रिस्ती घरांत हे कसं उतरलं, ते थोडं सांगतो. नगर, पुणे, सोलापूर, जालना या भागांत प्रॉटेस्टंट मंडळ्या जुन्या आहेत. घरात मयत झालं की मंडळीची माणसं जमतात, रात्रभर भजनं चालतात. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात टिळकांची पुष्कळ पदं आहेत आणि अभंग-ओवीच्या चालीतलं ते मराठी दुःखाच्या वेळी ओठांवर आपोआप येतं. पाळक शास्त्रपाठ वाचतात, प्रार्थना करतात. दफनभूमीत सगळे मूठमाती देतात. मग काही दिवस संध्याकाळी त्या घरी सांत्वनाच्या प्रार्थना होतात. सांत्वन कधी शब्दांतून होतं, बहुतेक वेळा शेजारच्या घरून आलेल्या चहाच्या किटलीतून आणि पिठलं-भाकरीतून होतं. वसई आणि मुंबईच्या कॅथलिक घरांत रोझरी म्हटली जाते, सातव्या दिवशी आणि महिन्यानं मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा होतो. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. क्लूनी मठाचे ओडिलो यांनी हजारेक वर्षांपूर्वी तो आपल्या मठांत सुरू केला. त्या संध्याकाळी वसईच्या चर्चलगतच्या दफनभूमी झेंडूच्या फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात आणि धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देत फिरतात. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं एकमत नाही. हा मतभेद खरा आहे, मी तो झाकत नाही. पण त्या मेणबत्त्यांच्या उजेडात आजी नातवाला ‘हे तुझे आजोबा’ म्हणून कबर दाखवते, तेव्हा ‘होते’ हा शब्द तिच्या तोंडी येत नाही.

एक गोष्ट मनाला टोचते, ती सांगायलाच हवी. महाराष्ट्रात ही श्रद्धा अनेक घरांत दुःख होऊनच शिरली. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. नवरा जिवंत होता आणि त्या काळच्या सोवळ्याच्या नियमांनी तो मेल्यासारखा झाला होता. ताटातूट झाली, लक्ष्मीबाई रडून रडून आजारी पडल्या. तो काळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचताना आजही जीव कासावीस होतो. पुढे काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं सोवळं सांभाळत त्याच घरात राहिल्या, पाहत राहिल्या, आणि पुढे स्वतःच्या मनानं १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ज्या श्रद्धेनं घर मोडलं, तिच्यातच त्यांनी नंतर घर केलं. ज्यांना असं घर पुन्हा मिळालं नाही असेही पुष्कळ असतील. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ कुणी लिहिली नाहीत.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येशूचं चरित्र ओव्यांत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं होतं, ते सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांपाशी थांबलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय लिहून पूर्ण केलं. नवऱ्याच्या अर्धवट ओवीच्या शेजारी रोज आपली ओवी मांडत त्या बसल्या असतील. वैधव्याची सतरा वर्षं त्यांनी अशीच काढली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या.

पुन्हा रमाबाईंकडे येऊ. त्यांच्या मनाची दिशा ठरवणारा एक प्रसंग इंग्लंडमधला आहे. फुलहॅमला वाँटेजच्या जोगिणी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना सांभाळत. त्यांची सेवा पाहून रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे कशासाठी करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली गेली, भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, जिच्याकडे येशूनं पाणी मागितलं ती. ज्याच्या धर्मात टाकलेल्या बाईजवळ बसून पाणी मागता येतं, त्या ख्रिस्ताकडे रमाबाई ओढल्या गेल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुलीबाळी रस्त्यावर मरू लागल्या. बातम्या वाचताना रमाबाईंना वीस वर्षांमागचा दुष्काळ आठवला, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. त्या निघाल्या, दुष्काळी मुलखात हिंडल्या आणि काही महिन्यांत तीनेकशे मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून ‘मुक्ती’ ही संस्था झाली. विहिरी, शेती, गुरं, माग, तेलघाणी, छापखाना, सगळं बायकांच्या हातांनी चालू लागलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्यांमुळे आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. आणलेल्या सगळ्याच जणी वाचल्या नाहीत. काहींना उपासमारीनं इतकं खाल्लं होतं की समोर ठेवलेलं अन्न पचेना.

इथे मला ती बाजरीची भाकरी आठवते. आईला न गिळवलेला तो तुकडा रमाबाईंनी तीस वर्षांनी लिहिलेल्या साक्षीतही जपला आहे. केडगावच्या चुलींवर रोज शेकडो भाकऱ्या भाजल्या जाऊ लागल्या म्हणून ती भाकरी विसरली गेली नाही. आई परत आली नाही. आणि दुःख विसरायचा उपाय म्हणून कामाला लागा, असंही मी कुणाला सांगणार नाही. आईच्या मरणानंतर वीस वर्षांनी हे घडलं. कुणाच्या आयुष्यात ते कधीच घडणार नाही, आणि त्याचा दोष त्या माणसाच्या श्रद्धेला देऊ नये. महिनोन्महिने झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर पाळकांइतकीच डॉक्टरांचीही गरज असते. वाँटेजला आनंदीबाई भगत प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या घरातच होत्या.

पण रमाबाईंच्या बाबतीत एवढं दिसतं. वडिलांनी त्या निरोपाच्या वेळी देवाच्या हाती सोपवलेली मुलगी पुढे प्रत्येक मरणानंतर स्वतःला विचारत राहिली असेल, की तो हात कुठे आहे? वडिलांच्या मनातल्या देवाचं नाव वेगळं होतं. ते शब्द मात्र रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावर टाकून दिले नाहीत. साक्षीत ते आपल्या नव्या श्रद्धेच्या उजेडात पुन्हा वाचले आणि वडिलांचं सांगणं आपण पाळतो आहोत असा त्याचा अर्थ लावला. गेलेल्या माणसांशी बोलणं चालू ठेवायची ही रीत मला फार हळवी वाटते.

मधल्या पानानंतरची पानंही त्यांच्या वाट्याला आली. मनोरमा मोठी झाली, इंग्लंड-अमेरिकेत शिकली, ब्रेल लिपी शिकून आली आणि मुक्तीतल्या अंध बायकांना वाचायला शिकवू लागली. आईचं काम तीच पुढे नेणार हे ठरलेलं होतं. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात ती वारली. चाळीस वर्षांची होती. सिलचरच्या घरातलं आता रमाबाईंखेरीज कुणी उरलं नाही.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी पार बहिऱ्या झालेल्या. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणायचं हे काम त्यांनी पंधराहून अधिक वर्षं चालवलं होतं. लेक गेल्यावरही ते थांबलं नाही. मुद्रितं तपासणं चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा हे काम हातावेगळं झालेलं होतं, आणि १९२४ साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकांत अनेक जणी दुष्काळातून आलेल्या होत्या, आईबाप वाटेत गमावून. विलापगीताची पानं त्यांच्याच हातांखालून गेली. मधली आशाही त्यांनीच जुळवली, आणि शेवटच्या ओळीतला तो प्रश्नही.